बोट फोनला कळतं, पण फोन बोटाला?

मासळी बाजारात सुरमई घेताना जाणतं माणूस आधी कल्ला उचलून आतला रंग बघतं आणि मग पाठीवर अंगठा दाबतं. दाबलेली जागा लगेच वर आली तर भाव करायचा, खळगा तसाच राहिला तर पुढच्या पाटीकडे सरकायचं. मुंबईतला चाकरमानी आता तीच सुरमई मोबाइलवर मागवतो. फोटोत कल्ले लालभडक, कातडी चकचकीत. पण अंगठा दाबायला गेलं तर लागते ती काच. रंग पोचतो, आवाज पोचतो, भाव तर सगळ्यात आधी पोचतो. स्पर्श तेवढा मागे राहतो.

हा मागे राहिलेला स्पर्श पुढे पाठवण्याची खटपट सध्या जोरात चालू आहे. नव्या फोनच्या जाहिरातीत ‘हॅप्टिक’ असा शब्द असतो, गेमचे कंट्रोलर हातात थरथरतात, मोठ्या शहरांत ‘इमर्सिव्ह’, म्हणजे बघणाऱ्याला आत ओढून घेणारी, प्रदर्शनं लागतात आणि तिथे भिंतीला हात लावला की चित्र हलतं. हॅप्टिक म्हणजे त्वचेला जाणवेल अशा रीतीने काही कळवणारं तंत्र, एवढंच. या सगळ्या गडबडीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. यंत्राला स्पर्श जमतो का? आणि त्या स्पर्शातून माया, राग, भीती असं काही पोचतं का? पहिल्याचं उत्तर बरंचसं ‘हो’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र यंत्र किती भारी आहे यापेक्षा पलीकडे कोण आहे यावर ठरतं, असं माझं मत आहे. ते कसं, ते पायरीपायरीने बघू.

ओल्या बोटाचं कोडं

“हात ओलो आसलो की मोबायल आयकना नाय,” ही मासळी बाजारातली रोजची तक्रार. म्हणून तिथे फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पैसे आले की ओरडून सांगणारा तो छोटा डबा पाटीशेजारी ठेवलेला असतो. हात पुसायची गरजच नको.

फोन ऐकत का नाही? काचेखाली वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक थराचं बारीक जाळं असतं आणि त्यावर कायम थोडा विद्युतभार खेळवलेला असतो. आपल्या शरीरात खारं पाणी भरपूर, त्यामुळे तेही वीज वाहून नेतं. बोट टेकलं की त्या जागचा भार किंचित बदलतो आणि जाळ्यात हा बदल नेमका कुठे झाला ते आतली चिप मोजते. सुकी काडी, नख किंवा जाड रबरी हातमोजा यांनी हा बदल होत नाही, म्हणून फोनला ते कळतच नाहीत. खारं पाणी मात्र जवळजवळ बोटासारखंच वागतं. माशाच्या पाण्याने भिजलेला हात लागला की बोट कुठलं आणि ओघळ कुठला हे चिपला उमगत नाही. पावसात खिशातून फोन काढावा आणि थेंबांनीच भलत्याला फोन लागावा, हा प्रकारही त्यातलाच. ही कल्पना तशी जुनी आहे. ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ती १९६५ मध्ये विमानांच्या वाहतूक नियंत्रणासाठी मांडली होती. घराघरात ती पोचली ती २००७ च्या आयफोननंतर.

यातली खरी गोम अशी की फोनला फक्त ‘कुठे’ आणि ‘किती बोटं’ एवढंच समजतं. व्हिडिओ कॉलवर आजीने नातवाच्या गालावरून बोट फिरवलं तर फोनच्या लेखी कोणीतरी स्क्रीन सरकवली.

दोरीतून परत काय येतं?

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीचा खेळ बघताना आपली नजर बाहुलीवर असते. एकदा नाचवणाऱ्याच्या बोटांकडे बघा. दोरी ओढली की बाहुलीचा हात वर जातो, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच दोरीतून बाहुलीचं वजन, तिचा झोका, पाय टेकल्यावर आलेली ढील हे सगळं बोटांना कळत असतं. हुकूम खाली जातो, खबर वर येते, दोरी एकच. फोनच्या काचेवर हुकूम जातो, खबर येत नाही. हॅप्टिक तंत्राचा सगळा खटाटोप ही खबर परत आणण्याचा आहे.

त्यातला सगळ्यात साधा उपाय म्हणजे फोनची थरथर. चिमुकल्या मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड तुकडा बसवायचा. वजन एकीकडे असल्यामुळे मोटर फिरली की सगळा फोन हलतो. १९९७ च्या सुमारास व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमध्ये अशा मोटरी आल्या आणि गाडी दगडावर आपटली की हातालाही हादरा बसू लागला. नंतरच्या चांगल्या फोनमध्ये गोल फिरणाऱ्या वजनाऐवजी स्प्रिंगवर मागेपुढे सरकणारं वजन आलं. ते झटक्यात चालू होतं आणि झटक्यात थांबतं, म्हणून ‘टक्’ असा नेमका ठोका देता येतो. २०१६ च्या आयफोन ७ चं गोल बटण मुळी दबतच नव्हतं. ते दबल्याचा भास तो ठोका देत असे, आणि फोन बंद असताना बटण दाबून बघणाऱ्याला तो निव्वळ दगड वाटे. २०२० च्या प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा खटका याच्याही पुढचा. खेळात धनुष्य ताणलं की तो खरोखर जड होतो.

सपाट जागेवर उंचवटा

हात फसतो कसा, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. व्हिन्सेंट हेवर्ड आणि गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे यांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. उंचवट्यावरून बोट नेताना काय होतं? चढताना बोटाला अडथळा होतो, उतरताना बोट पुढे ढकललं जातं. त्यांनी यंत्राने फक्त हे आडवे जोर दिले. बोट खरं तर खळग्यावरून जात होतं, पण जोर उंचवट्याचे होते. लोकांना उंचवटा जाणवला. म्हणजे आकार कळतो तो नुसत्या आकारामुळे नव्हे, बोटाला अडवण्या-ढकलण्याच्या हिशेबामुळेही. यंत्र बनवणाऱ्यांना ही पर्वणीच. आख्खा डोंगर उभा करायची गरज नाही, जोर बरोबर दिला की झालं.

बरोबर देणं मात्र महाकठीण. डोळ्याला सेकंदाला २५-३० चित्रं दाखवली तरी चलचित्र सलग वाटतं. हाताला कठीण वस्तूचा भास द्यायचा तर यंत्राने जोराचा हिशेब साधारण सेकंदाला १,००० वेळा करायचा असतो, नाहीतर भिंत रबरासारखी लागते किंवा यंत्रच थरथरू लागतं. आता हा हिशेब रत्नागिरीहून दादरला पाठवायचा म्हटलं तर काय होईल? व्हिडिओ कॉलवर आवाज थोडा उशिरा आला तरी आपण ‘हॅलो, हॅलो’ करत निभावतो. हस्तांदोलनात हात उशिरा आला की दुसरा हात हवेत चाचपडतो. आणि आपल्या कोकणात तर आषाढात रेंज शोधायला सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं.

कातडीखाली काय चालतं

तळहाताच्या कातडीत दाब, ओरखडा, ताण आणि थरथर टिपणारे चार प्रकारचे ग्राहक असतात. ग्राहक म्हणजे स्पर्शाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणारी मज्जातंतूंची टोकं. त्यातले एक, पाचिनी नावाचे, सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणाऱ्या थरथरीला सर्वात तल्लख. फोनची थरथर याच्याच आसपास ठेवलेली असते, म्हणून एवढीशी मोटर खिशातूनही जाणवते.

या टोकांशी नेमकं काय घडतं, याच्या शोधाला २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढत उष्णता ओळखणारं प्रथिन शोधलं. मालवणी तिखलं खाऊन तोंड ‘भाजतं’ तेव्हा ते खरोखरच्या चटक्याचंच प्रथिन जागं झालेलं असतं. आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने पेशीला बारीक सुईने टोचत, ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करत, दाब ओळखणारं जनुक हुडकलं.

हे सगळं ‘काय लागलं, कुठे लागलं’ सांगणारं खातं झालं. मायेचं खातं वेगळं आहे, आणि ते खरोखरच वेगळ्या तंतूंवर चालतं.

मायेचे संथ तंतू

केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, डोकं अशा जागी, काही बारीक तंतू असतात. त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या गोगलगायी चालीने जातो. टाचणी टोचलेली कळवायला ते कुचकामी. त्यांना हवं असतं ते हळुवार कुरवाळणं, सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने, आणि तेही त्वचेइतक्या उबेचं. खूप भरभर किंवा अगदीच रेंगाळत हात फिरवला की ते मंदावतात. आईबापांना ‘बाळाला कुरवाळा’ एवढंच सांगितलं तरी त्यांचा हात आपोआप याच वेगाने फिरतो, असं तपासण्यांत दिसलंय. बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईचा तेलाचा हात टाळूवरून कसा फिरतो ते आठवा. तिला सेंटिमीटर कोणी शिकवलेले नसतात.

या तंतूंचं काम उघड झालं ते स्वीडनमधल्या संशोधकांमुळे. एका स्त्रीचे आजारपणात जलद तंतू गेले होते, संथ राहिले होते. हाताखाली वस्तू आहे की नाही हेही तिला कळत नसे. पण हातावरून मऊ ब्रश फिरवला तर ‘काहीतरी बरं वाटतंय’ असं ती सांगे. होकान ओलाउसोन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे मांडलं. तिच्या मेंदूत जागा-ठिकाण सांगणारा भाग गप्प होता, भावनांशी जोडलेला भाग मात्र जागा झाला होता.

मग खिशातल्या थरथरीने माया का पोचत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. ती भलत्या खात्यात जमा होते. ती वेगवान आहे, गार आहे, आणि एका जागी ठोकत राहते.

तंतू बरोबर छेडले की झालं?

नाही. २०१२ मध्ये इटलीच्या वालेरिया गात्सोला आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात पुरुषांच्या पायावरून हात फिरवला गेला. कधी त्यांना समोरच्या पडद्यावर हात फिरवणारी स्त्री दिसे, कधी पुरुष. प्रत्यक्षात दरवेळी हात एकाच स्त्रीचा होता. तरी स्पर्श नुसता नोंदवणारा मेंदूचा भागसुद्धा दोन्ही वेळा वेगळा वागला. कोण स्पर्श करतंय हा विचार नंतर येऊन चिकटत नाही. तो स्पर्शाच्या पहिल्या नोंदीतच मिसळलेला असतो. गर्दीच्या एसटीत लागलेला धक्का आणि पालखी नाचवताना खांद्याला लागलेला धक्का जोराने सारखे असतील. आपण दोघांना एकच धक्का म्हणू का?

कलावंतांनी हे आधीच हेरलं होतं

पॉल सरमन या ब्रिटिश कलावंताने १९९२ मध्ये एक साधी मांडणी केली. दोन वेगळ्या ठिकाणी दोन पलंग. एका पलंगावर कलावंत झोपलेला. वरचा कॅमेरा त्याचं चित्र दुसऱ्या पलंगावर टाकतो. तिथे प्रेक्षक येऊन आडवा होतो आणि प्रेक्षकाचं चित्र कलावंताला दिसतं. स्पर्श पाठवणारं एकही यंत्र नाही, चादरीवर नुसता उजेड. तरी लोक त्या उजेडाच्या हातावर अलगद हात ठेवत, कोणी लाजून मागे सरके. १९९४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात त्या पलंगावर नर्तकी सुझन कोझेल होती. एकाने तिच्या प्रतिमेच्या पोटात जोराने कोपर मारलं आणि ती वेदना नसतानाही दुमडली. तिने हे स्वतः लिहून ठेवलंय.

मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: पलीकडे जिवंत माणूस आहे, तो आत्ता आपल्याला बघतोय, हे पक्कं माहीत होतं. उरलेलं काम मेंदूने स्वतः केलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९९७ च्या सुमारास केलेल्या एका यंत्रात नुसते लाकडी रूळ होते. इकडचा रूळ फिरवला की दुसऱ्याकडचा फिरे, त्याने अडवला की तुमच्या तळव्याला अडथळा लागे. चेहरा नाही, आवाज नाही. पण दोरी दोन्हीकडून ओढली जात होती.

रफाएल लोझानो-हेमर यांची २००६ सालची मांडणी आणखी वेगळी. खोलीभर साधे पिवळे बल्ब टांगलेले. दोन्ही हातांनी यंत्राच्या मुठी धरायच्या, तुमच्या नाडीचे ठोके मोजले जातात आणि एक बल्ब त्या तालावर उघडझाप करू लागतो. पुढचा माणूस आला की तुमचा ठोका शेजारच्या बल्बवर सरकतो. खोली म्हणजे आधी येऊन गेलेल्या अनोळखी माणसांची रांग होते. क्रिस्ता सोमरर आणि लोराँ मिन्योनो यांनी १९९२ मध्ये खऱ्या कुंड्यांतल्या झाडांना हात लावला की पडद्यावर झाडं वाढतील अशी रचना केली. त्यात हात लागतो तो खऱ्या पानाला, आणि म्हणूनच लोक तो जपून लावतात.

याउलट २०१२ मध्ये लंडनला गाजलेली पावसाची खोली. छतातून पाऊस पडतो, पण कॅमेरे तुमची जागा टिपतात आणि तुम्ही जाल तिथला पाऊस थांबतो. लोक तासन्तास रांगा लावून आत गेले. जूनमध्ये देवगडला कोणी न भिजण्याचं तिकीट काढेल असं वाटत नाही, पण ते असो. कारागिरी अफाट आहे. मला मात्र त्यात पलीकडे कोणी सापडत नाही.

पलीकडे कोणीच नसलं तर माया खोटी?

हा आक्षेप रास्त आहे, कारण माझ्या म्हणण्याला तो थेट छेद देतो. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचं सीलचं यांत्रिक पिल्लू बनवलं. अंगावर मऊ लव, कुरवाळलं की मान हलवतं, आवाज काढतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी अनेक देशांत ते वापरलं जातं आणि त्यांच्यातले बरेच जण त्याच्यापाशी शांत होतात. ते शांत होणं खरं आहे, त्याला खोटं म्हणायचा मला अधिकार नाही. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी दाखवलं होतं की माकडाची पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’ला सोडून मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगतात. हे सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात: नुसत्या कापडाच्या आईपाशी वाढलेली पिल्लं मोठेपणी इतर माकडांत नीट मिसळू शकली नाहीत.

आपल्या गावांत हा प्रश्न लांबचा नाही. वाडीत चार घरं बंद, पाचव्यात एकटी म्हातारी, मुलं विरार-डोंबिवलीला. उद्या असं पिल्लू स्वस्त झालं तर ते तिच्या मांडीवर असायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती, ते आणून दिल्यावर गणपतीला यायचं टाळणाऱ्या मुलाबद्दल.

यंत्राला माझी भावना कळते म्हणतात, ते खरं?

घड्याळं आणि अंगठ्या ‘ताण’ मोजतात त्या नाडीच्या ठोक्यांवरून, काही वेळा तळहाताच्या घामावरून. मन उत्तेजित झालं की घाम किंचित वाढतो, त्वचेतून वीज जास्त सहज जाते, एवढं खरं. पण ती उत्तेजना आनंदाची, भीतीची की चिडीची हे घाम सांगत नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता चिपळूण स्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाही हे मोजमाप लावा, सगळेच भावनाविवश निघतील. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत भावना ‘ओळखणाऱ्या’ यंत्रांना, वैद्यकीय आणि सुरक्षेचे अपवाद सोडून, मनाई केली ती उगाच नाही. प्रदर्शनात मुठी धरून नाडी दिली तर ती नोंद पुढे कोणाकडे राहते, हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्यावं.

ही श्रीमंतांची खेळणी नाहीत का?

काही आहेत. पण अंध व्यक्तींसाठीच्या ब्रेल पट्ट्या बघा: विजेवर किंचित वाकणाऱ्या पट्ट्यांनी टाचण्यांसारखे ठिपके वर-खाली होतात आणि संगणकावरचा मजकूर बोटाखाली ओळीओळीने उमटतो. शस्त्रक्रियेच्या यंत्रमानवांत कित्येक वर्षं डॉक्टरांना ऊतींचा ताण हाताला कळतच नसे, डोळ्यांवर भागवावं लागे. आता कुठे तो जोर हातापर्यंत परत येऊ लागलाय.

आपल्याकडे मला यातून करण्यासारखं एक काम दिसतं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की शेजारी उभं राहून तो एका नजरेत मावत नाही, आणि मूळ रेघांवर पाय देणं, हात घासणं बरंही नाही. ड्रोनने मोजमाप घेऊन हातभर आकाराच्या प्रती कराव्यात. बोटाने रेघ धरून सोंडेपासून शेपटीपर्यंत जाता येईल, दिसणाऱ्यालाही आणि न दिसणाऱ्यालाही. प्रती प्लास्टिकच्या छापू नयेत. दगड हाताची ऊब पटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो, प्लास्टिक तसं लागत नाही, आणि जांभ्याची भोकं-भोकं असलेली खरबरीत पाठ तर त्यावर मुळीच येणार नाही. चिरेखाणीतून नुकता निघालेला जांभा मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. तेव्हा कोरायचं काम खाणीवरच, चिरा ताजा असताना उरकलं तर खर्चही कमी येईल आणि गावातल्याच पाथरवटाला काम मिळेल.